नगर रस्त्यावरची इटालियन दुचाकी

पुण्याहून निघालेला रस्ता शिरूरला घोड नदीचा पूल ओलांडतो आणि अहिल्यानगर जिल्ह्यात शिरतो. नारायणगव्हाण, वाडेगव्हाण, पळवे मागे पडले की म्हसणे फाट्यावर औद्योगिक वसाहतीच्या पत्र्याच्या शेड दिसू लागतात, डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात आणि सुपा येते. पारनेर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. पाऊस बेताचा, शेती पावसावर. पण गेल्या काही वर्षांत इथल्या एमआयडीसीने तालुक्याचा चेहरा बदलला. पुढे कामरगावचा घाट, चास, केडगाव आणि मग नगर.

या पट्ट्याचा इटलीशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. संबंध बराच आहे. रांजणगावला टाटांच्या भागीदारीत फियाटच्या मोटारी आणि इंजिने तयार झाली. तिथेच कॅरारो ही इटालियन कंपनी ट्रॅक्टरचे अ‍ॅक्सल बनवते. दक्षिणेला बारामतीत पियाज्जोचा कारखाना आहे. आणि नगरमध्ये दौंड रस्त्यावर कायनेटिक आहे, जिच्या नावाने शहरातला एक चौकच ओळखला जातो. याच कायनेटिकने १९७२ मध्ये ५० सीसीची लूना काढली. पुढे चव्वेचाळीस वर्षांनी त्याच घराण्याने ‘एमव्ही अगुस्ता’ हे इटलीतले मोटारसायकलींचे अतिशय मानाचे नाव भारतात आणले. त्या कंपनीची तीन सिलिंडरची, ११० अश्वशक्तीची ‘तुरिस्मो वेलोचे’ ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी याच मार्गाने भारताच्या बाजारात उतरली. लूनाने या भागात घर केले, ‘तुरिस्मो वेलोचे’ला ते जमले नाही. असे का झाले, ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

विमानवाल्यांच्या दुचाकी

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इटलीतले विमानांचे कारखाने एक तर बॉम्बखाली पडले होते किंवा त्यांना काम उरले नव्हते. पियाज्जोचा पोंतेदेराचा कारखाना उद्ध्वस्त झाला होता. तिथे कोरादिनो दास्कानिओ नावाचा हेलिकॉप्टरचा अभियंता होता. त्याला मोटारसायकल आवडत नसे. साखळीचे तेल कपड्यांना लागते, पंक्चर झाले की चाक काढणे हा एक उद्योगच, ही त्याची तक्रार. त्याने १९४६ मध्ये व्हेस्पा आणली. तिला सांगाड्याऐवजी पत्र्याचीच ताकद होती, इंजिन मागच्या चाकालगत होते आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले होते. पाठोपाठ तिचे तीन चाकी मालवाहू भावंड ‘आपे’ आले.

मिलानच्या वायव्येला, वारेसे प्रांतात, दुसरी एक विमान कंपनी अशाच पेचात होती. काउंट जोव्हानी अगुस्ताने १९२३ मध्ये ती काढली आणि चार वर्षांत तो वारला. मुलगा दोमेनिको याने युद्धानंतर कामगारांना काम द्यायचे म्हणून १९४५ मध्ये ९८ सीसीची एक साधी मोटारसायकल तयार केली. व्हेर्गेरा या गावाच्या नावावरून कंपनीचे नाव पडले ‘मेक्कानिका व्हेर्गेरा’, म्हणजेच एमव्ही.

पियाज्जोने गरिबाला परवडेल अशी दुचाकी धरली आणि अगुस्ताने शर्यतीचा ध्यास घेतला. काउंट दोमेनिकोला जिंकण्याचे वेड होते. त्याच्या तीन सिलिंडरच्या आणि चार सिलिंडरच्या लाल-चंदेरी गाड्यांनी शर्यतींचे मैदान गाजवले. जाकोमो आगोस्तिनी याने १९६६ पासून १९७२ पर्यंत ५०० सीसी गटाची जागतिक स्पर्धा सलग सात वेळा एमव्हीवर जिंकली. १९७१ मध्ये दोमेनिको गेला, जपानी कंपन्या पुढे आल्या, १९७६ मध्ये एमव्हीने शेवटची मोठी शर्यत जिंकली आणि काही वर्षांत मोटारसायकलींचे उत्पादनच थांबले.

फिरोदियांचा रस्ता

नगरकरांसाठी फिरोदिया हे नाव यंत्रांच्या आधी राजकारणातून आणि समाजकारणातून आले. कुंदनमल फिरोदिया हे नगरचे वकील, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते आणि पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांच्या मुलांनी उद्योगाची वाट धरली. पियाज्जोच्या तीन चाकी मालवाहू गाडीला माणसांची गाडी करायची आणि सायकलरिक्षा ओढणाऱ्याचे कष्ट संपवायचे, ही कल्पना नवलमल फिरोदियांच्या नावावर आहे. १९४०चे दशक संपता संपता पुण्यात ऑटोरिक्षा आली.

तिकडे बजाजांनी १९४८ पासून व्हेस्पा आयात करायला सुरुवात केली होती. १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि आकुर्डीत व्हेस्पा तयार होऊ लागली. १९७१ मध्ये पियाज्जोबरोबरचा करार संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. तोवर बजाजच्या कामगारांचे हात त्या गाडीवर बसले होते. पुढच्याच वर्षी ‘चेतक’ आली. स्कूटर मिळवण्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे, हा तो काळ. मुलीच्या लग्नाआधी कितीतरी वर्षे स्कूटर बुक करून ठेवणारे बाप तेव्हा घरोघरी होते.

ज्यांचा नंबर लागत नव्हता आणि लागला तरी ज्यांना स्कूटर परवडत नव्हती, अशांचा विचार हस्तिमल फिरोदियांनी केला. सायकलीच्या वर आणि स्कूटरच्या खाली काहीतरी हवे होते. पियाज्जोकडे ते होते. १९६७ मध्ये आलेली ‘चाओ’ ही मोपेड युरोपातल्या शाळकरी मुलांची आणि कामगारांची गाडी होती. परवाना घेऊन तिच्या धर्तीवर कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना काढली.

पायडल मारून सुरू होणारे यंत्र

लूनाचे यंत्र बघायला सोपे आणि समजायला त्याहून सोपे. एक सिलिंडर, दोन स्ट्रोक, ५० सीसी. झडपा नाहीत, कॅम नाही, पाण्याने थंड करण्याची भानगड नाही. पिस्टनच वर-खाली जाताना भिंतीतली भोके उघडतो आणि झाकतो. बदलायचे गिअर नाहीत. क्लच आपोआप काम करतो. इंजिनाचा वेग वाढला की आतले जोडे बाहेरच्या दिशेने फेकले जातात, ड्रमला घट्ट लागतात आणि गाडी पुढे सरकते. वेग कमी झाला की स्प्रिंग त्यांना मागे ओढते आणि इंजिन सुटे होते. डाव्या हाताला क्लच दाबायचे काम नाही, डाव्या पायाला गिअर टाकायचे नाहीत. ज्याला सायकल येते, त्याला लूना येते.

सुरू करायची रीतही सायकलीचीच. स्टँडवर उभी करायची, पायडल मारायचे, अॅक्सिलरेटर थोडा पिळायचा. निळसर धूर निघाला की समजायचे, चालू झाली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकावे लागे. ऑइल जास्त पडले की प्लग काळा पडायचा. तो काढून सँडपेपरने घासायचा, टोकाची फट डोळ्याने मोजायची आणि परत बसवायचा. घाटात इंजिनाने मान टाकली तर पायडल मारून मदत करायची. पेट्रोल संपले तर घरापर्यंत पायडल मारत यायचे.

नगर जिल्ह्यात या गाडीने माणसे बदलली. वस्तीवरच्या शाळेत जाणारा गुरुजी, दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना टांगून डेअरीवर जाणारा शेतकरी, गावोगाव फिरणारी नर्स, बँकेत नोकरी करणारी बाई, सगळ्यांच्या हातात लूना आली. गिअर नसलेली ५० सीसीपर्यंतची गाडी चालवायला सोळाव्या वर्षी परवाना मिळे, म्हणून कॉलेजची मुलेही तिच्यावर. साडी नेसलेल्या बाईला बसता येईल अशी मधली जागा मोकळी, ही सोय छोटी वाटते, पण हजारो बायकांना घराबाहेर एकटीने जायला तिने हात दिला. ऐंशीच्या दशकात पीयूष पांडे यांनी लिहिलेल्या जाहिरातीने लूना देशभर लोकांच्या तोंडी बसवली.

लूना रुजली ती एका मुख्य कारणाने. तिचा पत्रा, तिचे गिअर, तिचा क्रँक हळूहळू इथेच होऊ लागले. नगरच्या कारखान्यात पोरे लेथवर उभी राहायला शिकली. सुटा भाग मोडला तर तो तालुक्याच्या गावी मिळे. नमुना पोंतेदेराचा असला, तरी दुरुस्ती पारनेरच्या गॅरेजात व्हायची.

नव्वदीनंतर स्कूटरेट आल्या, चार स्ट्रोकच्या १०० सीसी मोटारसायकली आल्या, धुराचे नियम कडक होत गेले. नव्या शतकाच्या सुरुवातीला लूनाचे उत्पादन थांबले.

बोलोन्याहून आलेले आराखडे

कायनेटिकचा इटलीशी दुसरा व्यवहार झाला तो बोलोन्याच्या इटालजेटशी. तिचा संस्थापक लेओपोल्दो तार्तारिनी हा शर्यतींचा माणूस. १९५७ मध्ये त्याने आणि जोर्जो मोनेत्ती याने डुकाटीच्या १७५ सीसी गाड्यांवर जगप्रदक्षिणा केली होती. पुढे त्याची कंपनी अडचणीत आली आणि तिच्या सात स्कूटरींच्या आराखड्यांचे हक्क कायनेटिकने घेतले. त्यातून २००६ मध्ये ‘ब्लेझ’ निघाली. १६५ सीसी, चार झडपा, अंगावर युरोपातल्या मोठ्या स्कूटरचा थाट. भारतीय स्कूटरला तेव्हा इतके मोठे इंजिन असण्याची सवय नव्हती.

पण त्या वर्षी लोकांना मायलेज हवे होते आणि ब्लेझची किंमत मोटारसायकलीशी स्पर्धा करत होती. आराखडे विकत मिळाले, पण गिऱ्हाईक विकत मिळत नाही. २००८ मध्ये दुचाकीचा धंदा महिंद्रांकडे गेला. नगरचा कारखाना गिअर, शाफ्ट असे वाहनांचे सुटे भाग बनवत राहिला.

तीन सिलिंडर आणि उलटा फिरणारा क्रँक

दरम्यान वारेसेत काय चालले होते? कास्तिल्योनी बंधूंनी एमव्हीचे नाव विकत घेतले आणि मास्सिमो ताम्बुरीनी या असामान्य रेखाकाराने १९९७ मध्ये ‘एफ-४’ जगासमोर ठेवली. गाडी बघायला लोक थांबायचे, पण कंपनीची तिजोरी कायम रिकामी. २००८ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने ती घेतली आणि दोनच वर्षांत क्लाउदिओ कास्तिल्योनीला नाममात्र किमतीत परत दिली. २०११ मध्ये क्लाउदिओ गेला, सूत्रे मुलगा जोव्हानीकडे आली. वारेसेच्या तळ्याकाठी, स्किरान्ना येथील कारखान्यात त्या काळात जे इंजिन तयार झाले, ते नीट समजून घेण्याजोगे आहे.

तीन सिलिंडर ओळीने, बारा झडपा, बोअर ७९ मिलिमीटर, स्ट्रोक ५४.३ मिलिमीटर. गणित केले की ७९८ सीसी येतात. बोअर मोठा आणि स्ट्रोक छोटा ठेवला की पिस्टनला कमी अंतर तोडावे लागते आणि इंजिन जास्त फेऱ्या मारू शकते. ‘एफ-३ ८००’ या शर्यतीच्या धाटणीच्या गाडीत हे इंजिन मिनिटाला १३,००० फेऱ्यांवर १४८ अश्वशक्ती देई. त्या वेगाला पिस्टन सेकंदाला सरासरी साडेतेवीस मीटर धावतो आणि तोही प्रत्येक फेरीत दोनदा थांबून, दिशा बदलून.

यातली खरी मेख क्रँकशाफ्टमध्ये आहे. बहुतेक मोटारसायकलींचा क्रँक चाकांच्याच दिशेने फिरतो. इथे तो उलटा फिरतो. शर्यतींच्या गाड्यांत वापरली जाणारी ही युक्ती एमव्हीने रस्त्यावरच्या मधल्या आकाराच्या गाडीत आणली. फिरणारा भोवरा आडवा करायला गेले की तो हट्ट करतो. मोटारसायकलीची दोन चाके म्हणजे दोन मोठे भोवरे. क्रँक त्यांच्याच दिशेने फिरला तर तिसऱ्या भोवऱ्याचा हट्ट वाढतो, वळणावर गाडी झोपवायला जास्त जोर लागतो. क्रँक उलटा फिरवला की तो चाकांचा हट्ट थोडा कापतो. गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर चटकन जाते.

दुसरा फायदा अॅक्सिलरेटर पिळताना कळतो. इंजिन जोरात वेग घेते तेव्हा क्रँकची उलटी प्रतिक्रिया सांगाड्यावर येते. एरवी ती पुढचे चाक उचलायला मदत करते, इथे ती ते खाली दाबायला बघते. याची किंमतही आहे. उलटी फिरकी पुन्हा सुलटी करून चाकापर्यंत न्यायला मध्ये एक जादा फिरता भाग लागतो, म्हणजे थोडे जादा वजन आणि थोडे घर्षण.

वेग आणि प्रवास यांचा तह

दूरच्या प्रवासासाठी वेगवान गाडी, ही इटलीची जुनी हौस आहे. कोमो तळ्याकाठच्या मोटो गुझ्झीने १९७६ मध्ये ‘ले मान्स’ काढली. ८४४ सीसी, आडवे बसवलेले व्ही-ट्विन, साखळीऐवजी शाफ्ट. डुकाटीने १९९७ मध्ये ‘एसटी-२’ आणली. दोन्हींत प्रश्न तोच होता. शर्यतीचे इंजिन उंच फेऱ्यांवर जागे होते, प्रवाशाला मात्र ट्रकमागून निघताना, घाटात, गावातून जाताना खालच्या फेऱ्यांवर जोर हवा असतो.

२०१३ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात दाखवलेल्या ‘तुरिस्मो वेलोचे’त एमव्हीने हा तह असा केला. तेच ७९८ सीसी इंजिन, तोच उलटा क्रँक, पण कॅम बदलले, हवा आत जाण्याच्या आणि धूर बाहेर पडण्याच्या वाटा बदलल्या. १४८ ऐवजी ११० अश्वशक्ती, तीही १०,१५० फेऱ्यांवर. अडतीस घोडे सोडून दिले. त्याच्या बदल्यात ८० न्यूटन-मीटर टॉर्क ७,१०० फेऱ्यांवर मिळाला आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार त्यातला नव्वद टक्के ३,८०० फेऱ्यांपासूनच हाताशी आला. पिस्टनचा सरासरी वेग साडेअठरा मीटरच्या आत आला, म्हणजे आयुष्यही वाढले. कमाल वेग कंपनीने ताशी २३० किलोमीटर सांगितला.

सांगाडा पोलादी नळ्यांच्या जाळीचा, त्याला अॅल्युमिनियमच्या प्लेटा जोडलेल्या. मागचे चाक एकाच बाजूने धरलेले. पुढे ३२० मिलिमीटरच्या दोन डिस्क आणि ब्रेम्बोचे कॅलिपर. पेट्रोल-पाण्याविना वजन १९१ किलोच्या आसपास, जे या जातीच्या गाडीला कमी म्हणावे लागेल. ‘एफ-३’च्या पुढच्या फोर्कला १२५ मिलिमीटर हालचाल होती, इथे ती १६० झाली आणि मागे १६५. ‘लुस्सो’ या महागड्या आवृत्तीत सेन्सर रस्ता वाचून सस्पेन्शनचा कडकपणा चालता चालता बदलतात. टाकी साडेएकवीस लिटरची, सीटची उंची ८५० मिलिमीटर. शिरूर ते नगर हा रस्ता, त्यावरचे गतिरोधक, कामरगावच्या घाटातली वळणे आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणले, तर एमव्हीच्या सगळ्या गाड्यांत आपल्याकडे चालण्याजोगी कोणती, हे वेगळे सांगायला नको.

नगरमध्ये उघडलेली खोकी

२०१६ मध्ये कायनेटिकने एमव्ही अगुस्ता भारतात आणली. पुण्यात दालन उघडले. पुढे ‘मोटोरॉयल’ या नावाखाली अजिंक्य फिरोदिया यांनी एका छताखाली अनेक नावे गोळा केली. वारेसेच्याच परिसरातली एसडब्ल्यूएम, १९४८ ची मोंडियाल, कोरियाची ह्योसंग. जोडणीसाठी जागा ठरली ती नगरची.

एसडब्ल्यूएमची ‘सुपरड्युअल’ ही ६०० सीसीची, एका सिलिंडरची, कच्च्या रस्त्यावर जाऊ शकणारी प्रवासी गाडी. मोंडियाल म्हणजे काउंट बोसेल्ली बंधूंची कंपनी. १२५ सीसी गटाच्या पहिल्या तिन्ही जागतिक स्पर्धा, १९४९ ते १९५१, तिच्या नावावर आहेत. होंडा शर्यतीत उतरण्याआधी सोइचिरो होंडा यांनी अभ्यासासाठी घेतलेली गाडी मोंडियालच होती.

हे एकट्या कायनेटिकचे धाडस नव्हते. २०१५ मध्ये पुण्याच्या डीएसके समूहाने पेसारोची बेनेल्ली आणली होती. तिच्यात चार सिलिंडरची ‘६०० जीटी’ ही प्रवासी गाडीही होती. डीएसके समूह अडचणीत आल्यावर बेनेल्लीचा कारभार २०१८ मध्ये हैदराबादला गेला.

नगरची जोडणी आणि नगरचे जुने उत्पादन यांत मोठे अंतर होते. जोडणीत इंजिन बंद खोक्यात अख्खे येते. सांगाडा, चाके, तारांचे जाळे, बाहेरची कवचे वेगळी येतात. कामगार ती ठरलेल्या क्रमाने बसवतो, टॉर्क रेंचने प्रत्येक बोल्ट ठरलेल्या मापावर आवळतो, ब्रेकमधली हवा काढतो, तेल भरतो, गाडी चालवून बघतो. काम कौशल्याचे आहे आणि त्यात हलगर्जी चालत नाही. पण क्रँक इथे घडत नाही, पिस्टन इथे ओतला जात नाही, कॅमचा आकार इथे ठरत नाही.

अशी जोडणी करण्यामागचे कारण सीमाशुल्क. पूर्ण तयार गाडीवर जबर शुल्क होते. २०१८ मध्ये ते कमी केले तरी ५० टक्के राहिले. सुट्या भागांवर ते त्याहून कमी. वर ३५० सीसीच्या पुढच्या गाड्यांना तेव्हा २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के उपकर होता. २०१९ मध्ये ‘तुरिस्मो वेलोचे’ भारतात आली ती सुमारे १९ लाख रुपयांना. त्या पैशात तेव्हा बऱ्यापैकी मोठी मोटार येत होती.

आणि जिथून खोकी यायची तिथेच घर जळत होते. एमव्ही भारतात उतरली त्याच वर्षी, २०१६ मध्ये, इटलीत तिला कर्ज देणाऱ्यांपासून संरक्षण मागायला न्यायालयात जावे लागले होते. पुरवठादारांचे पैसे थकले की सुटे भाग थकतात. ज्याने इतकी रक्कम मोजली, त्याला एखाद्या सेन्सरसाठी महिनोन्महिने थांबावे लागले तर तो दुसऱ्या मित्राला ती गाडी घे म्हणत नाही. पुढे रशियन उद्योजक तिमूर सार्दारोव्ह यांनी कंपनी घेतली. २०२० च्या एप्रिलपासून भारतात बीएस-६ नियम लागू झाले, त्याच सुमारास कोविड आला आणि इतक्या मोजक्या खपासाठी गाड्या नव्या नियमांत बसवून पुन्हा मंजूर करून घेणे परवडणारे नव्हते. मोटोरॉयलचा इटालियन बाजार उठला.

एमव्हीची पुढची कथा योगायोगाने पुन्हा पुण्याजवळ आली. २०२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएमने तिच्यात भाग घेतला. केटीएममध्ये आकुर्डीच्या बजाजची २००७ पासून गुंतवणूक होती. २०२४ च्या अखेरीस केटीएमच दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली, एमव्ही सार्दारोव्ह घराण्याकडे परत गेली आणि केटीएमला वाचवायला बजाज पुढे आले.

बारामतीचा धडा

पियाज्जोने मात्र वेगळा रस्ता धरला. नव्वदीच्या अखेरीस बारामतीत तीन चाकी ‘आपे’पासून सुरुवात झाली. २०१२ मध्ये व्हेस्पाचा कारखाना उभा राहिला. १९७१ मध्ये आकुर्डीहून गेलेली व्हेस्पा अशी एक्केचाळीस वर्षांनी पुणे जिल्ह्यात परतली. २०१६ मध्ये पियाज्जोच्याच एप्रिलिया या नावाची स्कूटर आली. आणि २०२३ च्या डिसेंबरात त्याच नावाची ‘आरएस ४५७’ ही मोटारसायकल आली.

ही गाडी रेखली इटलीत, नोआले येथे, पण घडते बारामतीत. ४५७ सीसी, दोन सिलिंडर, अॅल्युमिनियमचा सांगाडा, ४७.६ अश्वशक्ती, म्हणजे बरोबर ३५ किलोवॅट. हा आकडा सहज आलेला नाही. युरोपात नवख्या चालकाला मधल्या वर्गाच्या परवान्यावर ३५ किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालवता येते. म्हणजे बारामतीत तयार होणाऱ्या गाडीचे इंजिन युरोपातल्या गिऱ्हाईकाच्या मापाने कापलेले आहे. भारतात ती ४ लाख १० हजारांना आली आणि परदेशातही विकली जाते.

कायनेटिकही स्वतःच्या जुन्या मुळांकडे परतली आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी ‘ई-लूना’ आणली. तेव्हा किंमत ६९,९९० रुपयांपासून, एका चार्जमध्ये ११० किलोमीटर जाईल असा कंपनीचा दावा. पुन्हा दुधाच्या किटल्या आणि किराणा वाहणाऱ्याचाच विचार. इटलीशी नाते तिथेही सुटलेले नाही. तोनिनो लॅम्बोर्गिनी या नावाबरोबर कंपनीने २०२३ मध्ये गोल्फ कार्टसाठी भागीदारी केली. आणि २०२५ मध्ये जुन्या ‘कायनेटिक होंडा’ या स्कूटरची आठवण करून देणारी विजेवरची ‘डीएक्स’ स्कूटर आली. तिचा कारखाना सुप्यात आहे.

या सगळ्या इतिहासात यंत्र म्हणून सर्वांत सुंदर गाडी निःसंशय ‘तुरिस्मो वेलोचे’ होती. उलटा फिरणारा क्रँक, ३,८०० फेऱ्यांपासून मिळणारा जोर आणि १९१ किलोचे अंग, असा मेळ फार थोड्या गाड्यांना साधला आहे. पण तिच्यासाठी नगरमध्ये एकही साचा तयार झाला नाही, एकही नवा सुटा भाग पुरवणारा उभा राहिला नाही. तिचे खोके बंद झाले तेव्हा इथल्या कोणत्याही लेथचे काम कमी झाले नाही. लूना बंद झाली तेव्हा मात्र ज्यांनी तिच्यावर काम शिकले होते, ते हात तसेच उरले आणि नगरच्या कारखान्यांत गिअर कापत राहिले. परदेशी यंत्र रुजले की नाही हे ठरवायचे तर त्याच्या अश्वशक्तीपेक्षा हे विचारावे की त्याचा क्रँक कोण घडवतो. त्या कसोटीवर ५० सीसीची लूना ७९८ सीसीच्या एमव्हीपेक्षा खूप मोठी ठरते, आणि सुप्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या कंपनीला एमआयडीसीने हाच प्रश्न पहिल्या बैठकीत विचारायला हवा.